खोडलेला शब्द

मुलांनो, आणि ‘आम्हाला मुलं म्हणू नका’ असं सांगणाऱ्या मोठ्या दोस्तांनोसुद्धा,

गेल्या महिन्यात आपल्या एका वाचकमित्राचं पत्र आलं. गडी आठवीत आहे. पत्रात ना नमस्कार, ना खुशाली. एकदम तक्रारच! तो लिहितो, “बाई, घरी बोलतो तसं उत्तरपत्रिकेत लिहिलं की गुण कापतात. मला उत्तर येत होतं. ते मला येतंय हे सरांनाही कळलं होतं. मग गुण का कापले? बोलायची भाषा वेगळी आणि लिहायची वेगळी, हे ठरवलं कुणी?”

पत्र वाचून मी जरा वेळ गप्पच बसले. कारण असे गुण कापणारं लाल पेन माझ्याही हातात असतं. आणि त्या पेनानं मी एकदा एक मोठी चूक केलेली आहे. या मित्राला उत्तर द्यायचं, तर आधी ती चूक तुम्हाला सांगायला हवी. ‘बाई कधी चुकत नाहीत’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे पान जरा जपूनच वाचावं बरं का!

तीन वाट्या

डी.एड. होऊन मी नोकरीला लागले, त्याचं ते दुसरं वर्ष. शाळा खेड्यातली. चहूकडे शेतं. मी मात्र शहरात वाढलेली. ज्वारी आणि बाजरी मला ताटात ओळखू यायची, शेतात नाही! पाचवीचा वर्ग माझ्याकडे होता. परिसर अभ्यासाच्या तासाला आम्ही एक साधा प्रयोग केला. तुम्हीही केला असेल. तीन वाट्या घ्यायच्या. एकीत मटकी कोरडीच ठेवायची, दुसरीत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, आणि तिसरीत पूर्ण पाण्यात बुडवून ठेवायची. तीन दिवसांनी पाहायचं, मोड कुठं येतात. मग साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष असं सगळं वहीत लिहायचं.

एका मुलीनं जे लिहिलं होतं, ते मला आजही पाठ आहे. (तिचं नाव सांगत नाही. आता ती कॉलेजात असेल. आणि कोण जाणे, धाकट्या भावाचं हे साप्ताहिक चोरून वाचतही असेल!) तिनं लिहिलं होतं :

“तीन वाट्या घेतल्या. एकीत मटकी तशीच ठिवली. दुसरीत वल्या फडक्यात ठिवली. तिसरीत लई पानी वतलं. दुसरीतल्या मटकीला मोड आलं. तिसरीतली कुजली. तिसरीत वापसाच न्हवता, मग उगवंल कशी?”

मी लाल पेन उघडलं. ‘ठिवली’चं ‘ठेवली’ केलं. ‘वल्या’चं ‘ओल्या’, ‘वतलं’चं ‘ओतले’, ‘लई पानी’चं ‘पुष्कळ पाणी’. शेवटचं वाक्य मात्र सबंधच खोडून टाकलं. ‘वापसा’ हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. मला वाटलं, पोरीला ‘वाफ’ म्हणायचं असेल, नाहीतर असाच कुठला तरी गावंढळ शब्द असेल. शेजारी लिहिलं, ‘अशुद्ध भाषा. पुस्तकात पाहून लिहावे.’ दहापैकी चार गुण.

ती रडली नाही. वही मिटली आणि दप्तरात ठेवली. फक्त त्या दिवसापासून तिचा हात वर यायचा बंद झाला. आधी प्रश्न पुरा व्हायच्या आत ‘बाई मी, बाई मी’ करणारी पोर! आता नाव घेऊन विचारलं तरी उभी राहायची आणि पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत बसायची. वहीत मात्र सगळं एकदम ‘शुद्ध’ येऊ लागलं. पुस्तकातलं वाक्य न् वाक्य, काना-मात्रेसकट. मी खूश! मला वाटलं, पोरगी सुधारली.

बांधावरचा धडा

त्या वर्षी पाऊस उशिरा आला. एका शुक्रवारी मात्र असा कोसळला की शाळेच्या पटांगणाचं तळं झालं. दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. शाळा सुटल्यावर मी गावाबाहेरच्या रस्त्यानं निघाले होते. त्या मुलीचे वडील शेताच्या बांधावर बसलेले दिसले. ती शेजारी उभी. मी शहरी शहाणपणानं विचारलं, “दादा, काल एवढा पाऊस झाला, आणि पेरणी सोडून बसलात कसे?”

“वापसा न्हाई आला अजून, बाई.”

मी जागच्या जागी थबकले. “वापसा म्हणजे काय हो?”

“घ्या! हिला इचारा की,” ते पोरीकडं बघून हसत म्हणाले, “हिला समदं ठावं हाय.”

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. बोलली नाही. का बोलली नाही, ते तिच्या वडिलांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

मग वडिलांनीच सांगितलं. त्यांनी शेतातली मूठभर माती उचलली, मुठीत दाबून तिचा गोळा केला आणि खाली टाकला. गोळा ‘थप्’ करून तसाच बसला. “बगा, फुटला न्हाई. म्हंजी माती लई वली हाय. दोन दिसांनी असाच टाकला की भुगा हुईल. मग वापसा आला म्हनायचं. आत्ता बी टाकलं तर कुजंल. मुळीला पानीबी लागतं आन् हवाबी लागती.”

मुलांनो, माझ्या डोळ्यांसमोर त्या तीन वाट्या उभ्या राहिल्या. पहिल्या वाटीत हवा होती, पण पाणी नव्हतं. तिसरीत पाणी होतं, पण बुडालेल्या मटकीला हवा पुरेशी मिळत नव्हती. दुसरीत दोन्ही होतं. ‘रुजण्यासाठी पाणी आणि हवा दोन्ही लागतात’ हाच त्या प्रयोगाचा निष्कर्ष! सगळ्या वर्गात तो एकाच मुलीनं स्वतःच्या डोक्यानं काढला होता. शेतात पाहिलेली गोष्ट तिनं वाटीला जोडून पाहिली होती. आणि मी नेमकं तेच वाक्य खोडलं होतं.

पुढं मी शोध घेतला. हा शब्द कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांतही राजरोस छापलेला असतो. कुठं ‘वापसा’, कुठं ‘वाफसा’. ‘वाफसा आल्यावर पेरणी करावी’ असं तिथले शास्त्रज्ञसुद्धा लिहितात. कारण मातीच्या कणांमधल्या पोकळीत पाणीही आहे आणि हवाही खेळते आहे, ही एवढी मोठी गोष्ट एका शब्दात सांगणारा दुसरा सुटसुटीत शब्द त्यांच्याकडंही नाही!

सोमवारी मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘वाफसा’. म्हटलं, “हा शब्द मला येत नव्हता. वर्गात एकीला येत होता, आणि मी तिचे गुण कापले. चूक माझी झाली. आता मला सांगा, वाफसा म्हणजे काय?”

ती गप्पच. मागच्या बाकावरचा एक जण उठला आणि म्हणाला, “वापसा म्हंजी वल.”

तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. “वल न्हवं! वल तर चिखलातबी असती!” ती जवळजवळ ओरडलीच. आणि मग जी बोलायला लागली, ती घंटा होईपर्यंत.

मग ‘ठिवली’चं काय?

आता तुम्ही विचाराल, “बाई, म्हणजे तुमचं सगळंच चुकलं होतं का? ‘ठिवली’, ‘वतलं’ तसंच राहू द्यायला हवं होतं का?”

नाही. हे नीट समजून घ्या, कारण आठवीतल्या मित्राच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे.

आपण बोलतो तेव्हा ऐकणारा समोर असतो. ‘त्या तिथं’ म्हणताना आपलं बोट तिकडं असतं. ‘एवढं पाणी’ म्हणताना हात उंची दाखवतो. ऐकणाऱ्याला कळलं नाही तर तो ‘आं?’ करतो आणि आपण पुन्हा सांगतो. कागदावर यातलं काहीच नसतं. बोट नाही, हात नाही, ‘आं?’ नाही. तुमचा प्रयोग उद्या गडचिरोलीतली मुलगी वाचेल, सावंतवाडीतला मुलगा वाचेल, कदाचित दहा वर्षांनी कुणी वाचेल. त्यांच्या घरचं बोलणं वेगळं, तुमच्या घरचं वेगळं. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी... मराठीची रूपं काय थोडी आहेत? या सगळ्यांना एकमेकांचं लिहिलेलं अडखळल्याशिवाय वाचता यावं, म्हणून लिहिण्याचं एक समाईक रूप लागतं. त्याला आपण प्रमाण मराठी म्हणतो. म्हणून ‘ठेवली’.

हे कुणी ठरवलं? तर माणसांनीच. छापलेली पुस्तकं, शाळा, वर्तमानपत्रं यांतून ते हळूहळू घडत गेलं. मुख्यतः पुण्याकडच्या शिकलेल्या लोकांच्या बोलण्यावर ते बेतलं गेलं, कारण तेव्हा लिहिणारे-छापणारे बरेचसे तेच होते. पुढं मराठी साहित्य महामंडळानं लेखनाचे नियम तयार केले आणि १९६२ साली महाराष्ट्र शासनानं ते मान्य केले. तेव्हा ते १४ होते. १९७२ साली आणखी ४ जोडले गेले. असे झाले १८. त्याआधीचं एखादं जुनं पुस्तक घरात असेल तर उघडून पाहा. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरांत’ असे टिंबांचे सडे दिसतील! उच्चारात नसलेली ती टिंबं या नियमांनी काढून टाकली. म्हणजे ही भाषा काही आभाळातून पडलेली नाही. ती आपल्या सोयीसाठी केलेली आहे, आणि ती बदलतेही.

आणि एक गोष्ट मोकळेपणानं सांगायला हवी. ज्याच्या घरचं बोलणं या छापील मराठीच्या जवळ आहे, त्याला शाळेत चार पावलं चालावी लागतात. ज्याच्या घरी गोंडी किंवा कोरकू बोलतात, त्याला चार कोस. लांबून चालत येणारा पोर उशिरा पोचला, तर त्याला ‘मठ्ठ’ म्हणायचं नसतं. ‘अशुद्ध’ म्हणूनही हिणवायचं नसतं. घरचं बोलणं अशुद्ध नसतंच. ते घरचं असतं.

आता माझी दुसरी चूक ऐका. ही मला फार उशिरा कळली. मी ‘लई पानी’ खोडून ‘पुष्कळ पाणी’ लिहिलं होतं. दिसायला किती छान! पण मला सांगा, त्यानं माहितीत काय भर पडली? ‘लई’ म्हणजे किती ते कळत नाही, आणि ‘पुष्कळ’ म्हणजे तरी किती ते कुठं कळतं? तिथं खरं तर मी विचारायला हवं होतं, “पाणी किती ओतलंस, सांग.” ते राहिलंच. मी भाषेचे कपडे बदलले आणि समजले की भाषा सुधारली.

लिहिताना चार गोष्टी

तेव्हापासून माझ्या वर्गात प्रयोग, प्रकल्प, अभ्यासाची उत्तरं लिहायची असली की आम्ही चार गोष्टी पाहतो. तुम्हीही पाहा.

१. वाचणारा समोर नाही, हे लक्षात ठेवा. लिहून झालं की वही शेजारच्या वर्गातल्या कुणाला तरी वाचायला द्या आणि स्वतः तोंडावर बोट ठेवा. तो जिथं ‘म्हणजे काय?’ विचारील, तिथं तुमचं वाक्य अपुरं आहे. तोंडानं समजावू नका. वाक्य दुरुस्त करा.

२. मोजता येईल ते मोजा. ‘खूप’, ‘थोडं’, ‘लई’, ‘पुष्कळ’, ‘बरेच दिवस’ हे शब्द गप्पांत शोभतात. अभ्यासाच्या लिखाणात त्यांच्या जागी आकडा घाला. किती दाणे? किती चमचे? किती दिवस? मोजपट्टी दप्तरात उगाच नसते!

३. पाहिलेलं आणि वाटलेलं वेगळं ठेवा. ‘दाणे बुळबुळीत झाले’ हे तुम्ही पाहिलं. ‘हवा कमी पडली म्हणून झाले’ हे तुम्ही विचार करून काढलं. पहिल्यासाठी ‘दिसले’, ‘आढळले’ लिहा. दुसऱ्यासाठी ‘यावरून असे वाटते’ किंवा ‘यावरून असा निष्कर्ष निघतो’. हे शब्द भारदस्त दिसावेत म्हणून वापरायचे नाहीत. वाचणाऱ्याला आपण कुठं पाहिलं आणि कुठं अंदाज केला, ते कळावं म्हणून वापरायचे.

४. जड शब्दांच्या नादी लागू नका. यावरून एक गंमत सांगते. ‘ओले कपडे उन्हात का वाळतात?’ या प्रश्नाला एका पठ्ठ्यानं लिहिलं, ‘सूर्यनारायणाच्या सोनेरी किरणांनी न्हाऊन निघालेल्या वस्त्रांतील जल आकाशाकडे झेपावते.’ वाहवा! निबंधाच्या गाईडातली अख्खी बरणी त्यानं उपडी केली होती. पण ‘पाण्याची वाफ होते’ एवढं सरळ वाक्य काही त्याला सापडलं नाही. दुसरा एक जण. घरी दोन म्हशी. पहाटे उठून धार काढतो. निबंध मात्र लिहिला ‘गाय हा एक उपयुक्त पाळीव प्राणी आहे’, कारण गाईडात गाय होती! बिचाऱ्या म्हशींना काय वाटलं असेल?

याच चौथ्या गोष्टीत आमच्या ‘वाफसा’चं उत्तर आहे. तुमच्या घरच्या, शेतातल्या, आईवडिलांच्या कामातल्या एखाद्या शब्दाइतका नेमका शब्द पुस्तकात नसेल, तर तो खुशाल लिहा. फक्त पहिल्यांदा येईल तिथं त्याचा अर्थ एका वाक्यात सांगा. कारण लांबच्या वाचकाला, माझ्यासारखाच, तो माहीत नसेल.

तुम्हाला पडलेलं आणखी एक कोडं सोडवते. तुम्ही म्हणाल, “बाई, तुम्ही स्वतः तर ‘केलं’, ‘झालं’ लिहिताय!” बरोबर पकडलंत. मराठीत असं आहे की बोलताना आपण ‘मी केलं’, ‘पुस्तकं आणली’ म्हणतो, आणि औपचारिक लिखाणात ‘मी केले’, ‘पुस्तके आणली’ लिहितो. महामंडळाच्या नियमांतही ही सोय ठेवलेली आहे. बोलण्याचा ढंग असेल तिथं टिंब चालतं, एरवी ‘केले’. या पानावर मी तुमच्याशी गप्पा मारते आहे, म्हणून ‘केलं’. याच गोष्टीचा अहवाल शाळेत द्यायचा असता, तर मीही ‘केले’ लिहिलं असतं. दोन्ही बरोबरच. कुणाशी बोलतोय, एवढं पाहायचं. मात्र एकाच उत्तरात निम्मं ‘केलं’ आणि निम्मं ‘केले’ अशी खिचडी नको.

तोच प्रयोग, पुन्हा

त्या सोमवारनंतर आम्ही प्रयोग पुन्हा केला. यावेळी मोजून-मापून. लिहिला सगळ्या वर्गानं मिळून, आणि निष्कर्ष सांगितला तिनं. वाचा :

“तीन वाट्यांत मटकीचे प्रत्येकी २० दाणे घेतले. पहिल्या वाटीतील दाणे कोरडे ठेवले. दुसऱ्या वाटीतील दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले. फडके वाळू लागले की त्यावर दोन चमचे पाणी शिंपडले. तिसऱ्या वाटीत दाण्यांच्या वर ३ सेंटिमीटर राहील इतके पाणी ओतले. ते पाणी बदलले नाही. तिन्ही वाट्या एकाच खिडकीत तीन दिवस ठेवल्या.

“तिसऱ्या दिवशी पहिल्या वाटीतील एकाही दाण्याला मोड आलेला नव्हता. दुसऱ्या वाटीतील १८ दाण्यांना मोड आले होते. तिसऱ्या वाटीतील २ दाण्यांना बारीक मोड दिसले. बाकीचे दाणे फुगून बुळबुळीत झाले होते व पाण्याला वास येत होता.

“यावरून असा निष्कर्ष निघतो की, मटकीला चांगले मोड येण्यासाठी पाणी व हवा दोन्ही लागतात. जमिनीत पाणी व हवा दोन्ही योग्य प्रमाणात असतात, त्या स्थितीला शेतकरी ‘वाफसा’ म्हणतात. तिसऱ्या वाटीतील दाण्यांची स्थिती वाफसा नसलेल्या शेतातील बियाण्यासारखी होती.”

आता हे तिच्या पहिल्या लिखाणाशेजारी ठेवून पाहा. विचार तोच आहे, तिचाच आहे. पण आता तो तिच्या गावाबाहेर जाऊ शकतो. कुणीही हा मजकूर वाचून घरी तीन वाट्या मांडू शकेल आणि तिचं म्हणणं खरं की खोटं, ते तपासू शकेल. तिनं ‘दाणे कुजले’ हा शब्दही स्वतःच बदलला. म्हणाली, “बाई, कुजलं का ते आपन बगितलं न्हाई. बुळबुळीत झालं ते बगितलं.” मी तर पाहतच राहिले. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं.

एका शाळकरी मुलीचा निबंध

लिहायची भाषा हाती आली की काय होतं, हे सांगायला एक खूप जुनी गोष्ट आठवते. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची एक मुलगी शिकत होती. मांग समाजातली. त्या काळी तिच्या समाजाला शाळेच्या दारात उभं राहायचीही चोरी होती. या शाळकरी मुलीनं एक निबंध लिहिला, ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’. तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला.

आपल्या माणसांना काय काय सोसावं लागतं, ते तिनं एकेक करून मांडलं आणि वाचणाऱ्यांना थेट प्रश्न विचारले. जे लोक तिला अंगणातही येऊ देत नव्हते, त्यांच्या घरात तिचा निबंध छापील कागदावरून गेला. त्यांचीच लिहिण्याची भाषा तिच्या हाती आली होती, पण त्या भाषेत तिनं दुसऱ्याचं पाठ केलेलं उतरवलं नाही. स्वतःच्या घरातलं, स्वतःच्या वस्तीतलं दुःख लिहिलं. म्हणूनच दीडशेहून जास्त वर्षं उलटली तरी तो निबंध आजही वाचला जातो. त्या वेळी कुणी तिला ‘पुस्तकात पाहून लिही’ म्हटलं असतं, तर? कुठल्याच पुस्तकात ते नव्हतं!

तर, आठवीतल्या मित्रा...

आता तुझ्या पत्राचं उत्तर. गुण कापले म्हणून तू रागावलास, ते मला समजतं. उत्तरपत्रिका घेऊन सरांकडं जा. भांडायला नको. प्रत्येक लाल खुणेपाशी बोट ठेव आणि विचार, “सर, इथं लांबच्या माणसाला काय कळणार नाही?” काही ठिकाणी तुला पटेल. तिथं शब्द बदल. काही ठिकाणी, कुणी सांगावं, सरांनाच नवा शब्द शिकायला मिळेल. मला मिळाला तसा.

आणि घरचं बोलणं सोडू नकोस. आजीशी ‘आजी, आपण भोजन केले का?’ असं बोलायला लागलास, तर ती तुला ताप आलाय का ते आधी पाहील!

जाता जाता सगळ्यांना एक काम. आईबाबांच्या, आजी-आजोबांच्या कामातला असा एक शब्द शोधा, जो तुमच्या पाठ्यपुस्तकात नाही. शेतातला, मासेमारीतला, लोहाराच्या भात्याजवळचा, शिवणयंत्रावरचा, रिक्षाच्या गॅरेजमधला, कुठलाही चालेल. तो वापरणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ नीट विचारून घ्या. मग ज्यानं तो कधीच ऐकलेला नाही, त्याला कळेल असा अर्थ तीन वाक्यांत, औपचारिक भाषेत लिहा. पोस्टकार्डावर मावेल एवढंच. आणि आपल्या साप्ताहिकाच्या पत्त्यावर पाठवा. त्यातले निवडक शब्द पुढच्या एखाद्या अंकात याच पानावर छापू.

त्या वहीचं काय झालं, हे सांगायचं राहिलंच. मी चारचे नऊ गुण केले. एक गुण ‘लई पानी’साठी कापला, आणि तो का कापला हे शेजारी लिहिलं. तिनं ते वाचलं, जरा विचार केला आणि म्हणाली, “बाई, मग तुमच्या ‘पुष्कळ’चाबी एक कापा की.”

कापला.

भेटू पुढच्या आठवड्यात!

तुमच्या,
बाई